दुमडलेलं बोट

आधीच सांगतो. खाली हात जोडलेले इमोजी टाकणार असाल, किंवा "दादा, हा पुनर्जन्माचा प्रकार आहे, आमच्या महाराजांना भेटा" असं लिहिणार असाल, तर इथूनच परत फिरा. मी रागात लिहितोय, आणि राग अजून उतरलेला नाही.

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो — हसायला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की शेजारच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई, ते मागे वळून बघू नको म्हणणारे म्हातारे... सोलापुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, सगळं येतं. जळालेली कॉइल काढायची, नवी तार भरायची. मोटर जळते त्याला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं. "काय झालं ते कळत नाही" असं मी आजवर कुठल्याही गिऱ्हाईकाला सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगावं लागतंय, हा एक राग.

दुकानाव्यतिरिक्त मी नाटकात काम करतो. हौशी ग्रुप आहे आमचा, एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी चालतात. आजवर मी फौजदार केले, सासरे केले, एकदा भूतसुद्धा केलं. दोन वर्षांपूर्वी अविनाश सरांनी — हे आमचे दिग्दर्शक — मला पहिल्यांदा हिरो केलं. गावातलं एक तरुण जोडपं, नवरा कामासाठी शहराकडे निघतो, बायको रुसलेली असते, तो तिची समजूत काढतो. सगळं नाटक त्या एका निरोपाच्या प्रवेशावर उभं होतं. बायकोचं काम पद्मजाकडे. पद्मजा तेलुगू विणकरांच्या घरातली, नर्स आहे, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघ. अडचण एकच — ती मला दादा म्हणते. तालमीत "धनी, जाऊ नका" म्हणायची आणि प्रवेश संपला की "दादा, पाण्याची बाटली द्या."

प्रेम मला जमत नव्हतं. खोटं कशाला बोलू? सरांनी सगळे प्रकार केले. एका ताटात जेवायला लावलं. एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसवलं — पद्मजाचा नवरा समोर बसून शेंगा खात होता, त्यालाच आधी हसू फुटलं. शेवटी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "संदीप, तू तिच्याकडे जळालेली मोटर बघतोस तसा बघतोस रे. किती खर्च येईल असा." सगळे हसले. मी नाही हसलो. चाळिशीच्या माणसाला चारचौघांत प्रेम येत नाही म्हणणं ही काय साधी गोष्ट आहे?

त्याच रागात प्रवेशाला उभा राहिलो. वाक्य होतं, "येतो गं. तोंड वर कर." त्यानंतर तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच बसवलेलं होतं. मी वाक्य म्हणालो आणि खांद्याकडे निघालेला हात खाली गेला. तिचा डावा हात उचलला. करंगळीशेजारचं बोट वेगळं धरलं, अंगठ्यानं त्याचं टोक आत दुमडलं, आणि त्या दुमडलेल्या पेरावर ओठ टेकवले. मग आमटी चाखून बघावी तसं तोंड केलं आणि म्हणालो, "उप्प कम्मी."

पद्मजाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं आणि ती हसत होती. सर खुर्चीतून उठले. "हे ठेव," म्हणाले. "काय आहे ते मला विचारायचं नाही. हे ठेव."

नंतर पद्मजानं मला बाजूला घेतलं. "दादा, हे कुठून काढलं?"

"सुचलं."

"कानडीत उप्पु म्हणजे मीठ. आमच्यातपण तेच म्हणतात. पण मीठ कमी म्हणजे काय? आणि बोट कशाला दुमडलं? दुखलं ना मला."

मला कानडी येत नाही. सोलापूरच्या माणसाला येतात तेवढे चार शब्द येतात. दुकानात अक्कलकोटकडची गिऱ्हाईकं येतात, कुणाच्या तोंडून ऐकलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण बोट दुमडायचं कुठल्या गिऱ्हाईकानं शिकवलं? मी मुद्दाम एकदा दुसरं बोट धरून बघितलं. धरता आलं, पण प्रवेश मेला. सगळ्यांना कळलं. मग पुन्हा तेच बोट. आणि ते करताना दर वेळी छातीत एक घाई व्हायची. गाडी चुकेल तशी नव्हे. लवकर जाऊ, म्हणजे लवकर परत येता येईल... अशी. ही घाई माझी नव्हती. मला तर प्रवेश संपूच नये असं वाटायचं.

सोलापुरातला पहिला प्रयोग झाला. त्या प्रवेशाला बायका पदरानं डोळे पुसत होत्या. माझी बायको ज्योती तिसऱ्या रांगेत होती. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "कुणाकडून शिकलात?"

"काय?"

"ते बोटाचं. इतक्या वर्षांत माझं बोट कधी धरलं नाहीत. हे असं उगीच सुचत नाही माणसाला. कुणीतरी असल्याशिवाय येत नाही."

मी ओरडलो. तीही ओरडली. पद्मजाचं नाव निघालं, निघायला नको होतं. पुढचे कित्येक दिवस घरात भांडी वाजत होती, माणसं बोलत नव्हती. आणि बाहेर लोक सांगत होते, काय प्रेम दाखवलंत हो, अगदी खरं! ज्या गोष्टीसाठी लोक पाठ थोपटत होते त्याच गोष्टीनं माझं घर पेटलं होतं.

असे काही प्रयोग झाले. मग वळसंग, अक्कलकोट मागे टाकून पार कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात जत्रेचा प्रयोग ठरला. गावाचं नाव देत नाही. त्या घराला आधीच भरपूर त्रास झालाय. देवळासमोर स्टेज, समोर पोती-सतरंज्या टाकून सगळं गाव बसलेलं. ऊन कललं आणि नाटक सुरू झालं. निरोपाचा प्रवेश आला. मी पद्मजाचा हात धरला, बोट दुमडलं, ओठ टेकवले. "उप्प कम्मी."

बायकांच्या घोळक्यातून एक बाई उठली. साठीच्या आसपासची, उंच, सडसडीत. ती ओरडली, "यार हेळ्यार निनग?"

मला वाटलं, कुणाला तरी दारू चढलीय. बाया तिला खाली ओढत होत्या, ती बसेना. कसाबसा अंक संपवला. पडद्यामागे येतो न येतो तोच ती समोर. सरळ एक थोबाडीत दिली. माझ्या कानात शिट्टी वाजली.

"कुनी सांगितलं तुला?" आता ती तेच मराठीत विचारत होती. "कुटं हाय त्यो? जित्ता हाय न्हवं? कुटं भेटला तुला? दारू पिऊन सांगितलं का हसून सांगितलं?"

"कोण मावशी? कुणी काय सांगितलं?"

"त्या बाईला बी असंच करतो का त्यो? तिचं बी बोट धरतो का? बोल की!"

मी पण चिडलो होतो. गालावर पाच बोटं उठलेली, सगळा ग्रुप बघतोय. मी म्हणालो, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, मी तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या माणसालाही ओळखत नाही. त्यावर तिनं आपला डावा हात माझ्या नाकासमोर धरला.

करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापर्यंतच होतं. वरचं टोक नव्हतंच.

पद्मजानं स्वतःचा हात पदराखाली घेतला. मला दिसलं ते.

तेवढ्यात बाईची मुलगी धावत आली, रेणुका तिचं नाव. तिनं आईला मिठीत धरलं आणि उलट आमच्यावरच ओरडली, "गरिबाच्या आईचा तमाशा करता काय रे?" आणि ओढत घेऊन गेली. गावातल्या एकानं आम्हाला नंतर सांगितलं. बाईचं नाव नीलव्वा. तिचा नवरा तीसेक वर्षांपूर्वी श्रीपूरकडे ऊसतोडीला गेला आणि तिकडेच एका बाईला घेऊन पळाला. गाडी-बैल त्याच्या भावानं परत आणले. रेणुका तेव्हा रांगत होती.

तीस वर्षांपूर्वी मी शाळेत जात होतो, चौथीत की पाचवीत. म्हणून म्हटलं, पुनर्जन्म वगैरे मला सांगू नका.

आता खऱ्या संतापाची गोष्ट. अविनाश सरांना ही बातमी म्हणजे लॉटरी लागली. दोन दिवसांत त्यांनी कुठल्याशा पोर्टलवाल्याला गाठलं. हरवलेला नवरा रंगमंचावर परतला, कलेची ताकद, असलं काहीबाही छापून आलं. वर मला फोन. "संदीप, पुढच्या प्रयोगाला त्या बाईंना आणू या. पहिल्या रांगेत बसवू. शेवटी शाल-श्रीफळ."

"शाल-श्रीफळ कशाबद्दल?" मी विचारलं. "नवरा पळून गेल्याबद्दल?"

"अरे, भावना समजून घे."

"सर, तिनं मला थोबाडीत मारली ती भावना मला समजली. तुमची समजत नाही."

त्या फोनवर मी नाटकाचा ग्रुप सोडला. शिव्याही दिल्या, त्या इथे लिहीत नाही. पद्मजानंही दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. नाटक तिथेच बंद पडलं.

पण गालावरची ती थोबाडीत जात नव्हती. मी खोटारडा नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही. मग ती बाई मला खोटारडा समजून का बसावी? हे डोक्यात घोळत राहिलं. एका रविवारी सकाळी गाडी काढली, तर ज्योती दारात पदर खोचून उभी. "मी येते. मलापण ऐकायचंय कुठून शिकलात ते."

नीलव्वाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक म्हैस. रेणुका आम्हाला बघून दारातच आडवी झाली. आतून आवाज आला, "येऊ दे त्याला."

मी पायरीवर बसलो. सगळं सांगितलं — तालीम, सरांचा टोमणा, हात कसा आपोआप गेला ते. म्हटलं, देवाशपथ, कुणी शिकवलं नाही. ती ऐकत होती. मग हात पुढे केला. "कर."

"मावशी..."

"कर की. हितं कर. बघू दे मला."

ज्योती माझ्याकडे बघत होती, रेणुका खांबाला धरून उभी. मी तो हात घेतला. खरखरीत, गरम हात. दुमडायला टोकच नव्हतं. अंगठा पुढे गेला आणि रिकामा राहिला. मी ओठ टेकवले, तोंड केलं, शब्द म्हणालो.

तिनं हात काढून घेतला. "न्हाय. हे नाटक हाय. त्या दिवशी त्यो व्हता."

खरंच होतं ते. या वेळी हाताला काही माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून आजपर्यंत पुन्हा ते आलेलं नाही.

"त्याचा अर्थ काय होता मावशी?" ज्योतीनं विचारलं. माझं धाडस झालं नसतं.

नीलव्वा म्हशीकडे बघत बोलली, रागातच. "लग्न झालं त्याच साली कडबा तोडताना बोट गेलं. मी डावरी, मीठ त्याच हातानं टाकायची, मग चिमट पुरी भरंना. कालवण अळणी व्हायचं. सासू बोलायची. ह्यो कुनी नसलं की बोट धरायचा, तोंड वाकडं करायचा... उप्प कम्मी. कुनाला म्हाईत न्हाय हे. भैनीला न्हाय, लेकीला न्हाय. सांगन्यासारखी गोष्ट हाय का ती? मी म्हनलं, त्यानंच सांगितलं आसंल, नव्या बाईला हसवायला. तीस वर्सं त्याला शिव्या घालते मी. सकाळी चूल पेटवली की पैली शिवी त्याला."

मग ती माझ्याकडे वळली. "त्ये करताना तुला आत काय व्हायचं?"

मला खोटं बोलता आलं असतं. कदाचित बोलायला हवं होतं. पण मी त्या घाईबद्दल सांगितलं. लवकर जाऊ, म्हणजे लवकर परत येता येईल, असं वाटायचं म्हटलं.

ती उठली, आणि मला वाटलं परत मारते की काय.

"परत यायचं व्हतं?" ती म्हणाली. "मग आला का न्हाय? आं? यायचं व्हतं तर यायला काय झालं त्याला? आता तू मला सांगतोस व्हय, येनार व्हता म्हनून? मग मी येवढ्या शिव्या कुनाला घातल्या? आनि आता कुनाला घालू?"

आणि तिनं मला घातल्या. कानडीत, मराठीत, माझ्या आईबापावरून, माझ्या नाटकावरून, माझ्या येण्यावरून. मी पायरीवर खाली मान घालून बसून होतो. मध्येच ज्योती उठून तिच्याजवळ गेली. ज्योतीला तिनं ढकललं, मग धरलं, आणि मग तिचा आवाज फुटला.

रेणुका मात्र रडत नव्हती. ती मला म्हणाली, "दादा, त्या बाईला बघितलं कुनी?"

"कुठल्या?"

"ज्या बाईसंगं आमचा बाप पळाला तिला."

हा प्रश्न त्या घरात तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता! रेणुका आम्हाला तशीच घेऊन एका म्हाताऱ्याकडे गेली. तो त्या वर्षी तोडीला त्यांच्या टोळीत होता. अंगणात बाज टाकून पडला होता. तो म्हणाला, "बार्शीला जाऊन येतो, सांजच्याला परततो म्हनला. कशाला ते सांगितलं न्हाय. आलाच न्हाय."

"आणि ती बाई?"

"आसंलच की बाई. सगळी म्हनायची."

"तुमी बघितली का आजा?" रेणुकानं विचारलं.

"म्या न्हाय बघितली. पर सगळी म्हनायची की."

बाई कुणी बघितलेलीच नव्हती. एक माणूस संध्याकाळी येतो म्हणून गेला आणि आला नाही, तर टोळी म्हणाली पळाला, भाऊ म्हणाला पळाला, गाव म्हणालं पळाला. तक्रार नाही. दवाखान्यात चौकशी नाही. बार्शीला एक फेरी नाही. भावानं बैल आणले आणि विषय संपला. ऊस तोडायचा होता ना! पळालेल्या माणसाला कोण शोधतं? परत येताना गाडीवर ज्योतीनं मागून माझा शर्ट घट्ट धरला होता. घरी येऊन तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं बार्शीला गेलो. नीलव्वा तोपर्यंत अक्कलकोटच्या पलीकडे कधी आली नव्हती. फोटो नाही, कागद नाही. बाजारात जुन्या हमालांना विचारलं, सरकारी दवाखान्यात विचारलं, स्टँडवर विचारलं. पोलीस ठाण्यात साहेबांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, इतकी जुनी नोंद सापडेल का सांगता येत नाही म्हणाले, पण अर्ज घेतला. माणसाचं नाव काय, असं विचारलं. रेणुका सांगणार होती, नीलव्वानं तिला थांबवलं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, त्याच्याबद्दल शिवीशिवाय काही बोलली नव्हती. ती ताठ उभी राहिली आणि सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "शिवलिंगप्पा."

बाजारातल्या एका आडत्यानं मात्र सहज म्हटलं, "आजी, तीस वर्षं झाली. आता काय उपयोग?"

ती त्याच्यावर अशी कडाडली की शेजारच्या गाळ्यांतली माणसं बाहेर आली. "तीस वर्सं झाली म्हनून काय झालं? मानूस व्हता की त्यो!"

काही सापडलं नाही. त्यानंतर ती आणि रेणुका दोघीच आणखी एकदा जाऊन आल्या. मीही एकदा एकटाच जाऊन आलो. अजून काहीच नाही.

माझ्या हातात ते कुठून आलं, मला सांगता येत नाही. माझ्याच हातात का, प्रेम न जमणाऱ्या माणसाच्या, तेही सांगता येत नाही. मी सगळी तार उलगडून बघितली. दुकानात कोण बोललं असेल, लहानपणी कुठे ऐकलं असेल, सगळं. कुठेच टोक सापडत नाही. आणि खरं सांगू, मला आता ते शोधायचंही नाही.

हे लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्यात बार्शी, वैराग, कुर्डुवाडीकडचे बरेच लोक आहेत, मी बघितलंय. तीसेक वर्षांपूर्वीचा ऊसतोडीचा हंगाम. तिशीतला माणूस, उंच, सावळा, मराठी बोलताना मध्ये मध्ये कानडी. उजव्या दंडावर त्रिशूळ गोंदलेला. घरात वडिलांना, आजोबांना विचारा. रस्त्यावरचा अपघात, आजारी पडलेला परका माणूस, गावानं पुरलेला एखादा बेवारस... काहीही आठवत असेल तर खाली लिहा.

बाकीचं लिहू नका.